वास न येणारी खोली

१

नव्या मुली वॉर्डात आल्या की पहिल्याच आठवड्यात मला एक गोष्ट विचारतात. "सिस्टर, तुम्हाला वास येत नाही का हो?" मी सांगते, येतो की. तुमच्यापेक्षा जास्तच येतो. मग त्या माझ्याकडं अशा बघतात, जणू मी एखाद्या घाणेरड्या सवयीची कबुली दिली.

प्रत्येकीचा आपापला उपाय असतो. एक मास्कच्या आत बाम चोपडते आणि दुपारपर्यंत तिचे डोळे गळायला लागतात. दुसरी गालात लवंग धरते. एकीनं कुठंसं वाचलं म्हणून बशीत कॉफीची पूड घालून ती ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर ठेवली होती. त्यामुळं पूचा वास गेला नाही, कॉफी मात्र माझ्या घशाखाली उतरायची बंद झाली. तोंडानं श्वास घेणाऱ्या सगळ्यांत वरताण. जे नाकाला नको ते जिभेवर घेतात, आणि वर स्वतःला हुशार समजतात.

डॉक्टरांचं तर विचारूच नका. आमचे छोटे डॉक्टर अंगावर इतकं अत्तर ओतून येतात, की ते जिन्यात असतानाच वॉर्डातले पेशंट उठून बसतात. मग खाटेच्या पायथ्याशी उभं राहून मला विचारतात, "जखम कशी आहे सिस्टर?" पुढं यायचं नाव नाही. जणू पू उडी मारून त्यांच्या टायवर बसणार आहे.

माझी रीत साधी. दारात उभं राहायचं आणि नाकानं एक भरपूर श्वास घ्यायचा. जे काय आहे ते सगळं एकदम आत घ्यायचं. त्यानंतर वास छळायचं सोडून बातम्या द्यायला लागतो. कुणाच्या तोंडाला सडक्या फळाचा वास येतोय, म्हणजे साखर वर गेलीय. कुणाच्या बेडपॅनला लोखंडाचा वास आहे, म्हणजे आत कुठंतरी रक्त जातंय. कुठल्या जखमेला गोडूस वास आहे, म्हणजे ती आतून नासतेय. रिपोर्ट यायच्या आत मला माहीत असायचं. मी हे मुलींना सांगायला जाते तेव्हा त्या नाकं मुरडतात. मुरडा. तुमचं नाक शोभेपुरतंच आहे.

२

त्यातल्या एका मुलीचं नाव मी नाजूकबाई ठेवलं आणि ते वॉर्डभर चिकटलं.

बाळंतपणाची रजा संपवून ती आमच्याकडं आली होती. पहिल्याच सकाळी एका मधुमेही माणसाच्या पायाचं बँडेज मी तिला सोडायला लावलं. शेवटचा पदर निघाला आणि बाई ओकल्या. जखमेचं पाणी धरायला ठेवलेल्या भांड्यातच. निदान भांडं तरी चुकलं नाही, एवढंच तिचं कौतुक.

ती बाम लावायची, लवंग धरायची, मास्कवर मास्क चढवायची, संत्र्याची सालं खिशात घेऊन हिंडायची. सगळे उपाय एकदम. तरी बेडपॅन उचलताना तिचा चेहरा असा व्हायचा की पेशंटच बिचारे तिची माफी मागायचे. मला त्याचा जास्त राग यायचा. आजारी माणसाला स्वतःच्या घाणीची लाज वाटायला लावणं यासारखं नीच काम नाही.

एकदा मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझ्या अंगालाही वास येतो, माहितीय? आंबलेलं दूध, पावडर आणि लहान मुलाची लाळ. पेशंट काही भांडं शोधत पळत नाहीत."

मला वाटलं रडेल. ती चक्क हसली. "मुलगा त्याच वासावर झोपतो हो सिस्टर," म्हणाली. "मी ड्यूटीवर आले की सासूबाई त्याच्या उशाशी माझा न धुतलेला गाऊन ठेवतात. एरवी झोपतच नाही तो."

मी तिला आणखी दोन बेडपॅन दिले. पण हसली, हे मी लक्षात ठेवलं.

३

कोपऱ्यातल्या खोलीत म्हातारा आला तो एका दुपारी. खोली वॉर्डाच्या टोकाला, बेडपॅन धुण्याच्या जागेच्या पलीकडं. एक खाट, एक खुर्ची, एक खिडकी आणि खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत. ज्या पेशंटचा वास बाकीच्यांना सहन होत नाही त्याला आम्ही तिथं ठेवतो.

त्याला घेऊन एक माणूस आला होता. साधा, इस्त्रीच्या कपड्यातला. मी भाचा, एवढंच बोलला. म्हातारा बोलत नव्हता, डोळे उघडत नव्हता, किती महिने अंथरुणाला होता कोण जाणे. कमरेखाली, माकडहाडावर, पडून पडून झालेला बेडसोर. माझी मूठ आत जाईल एवढा खड्डा, तळाशी हाड. कडा काळ्या. गॉज भिजून हिरवट पिवळं झालेलं.

मी ट्रॉली घेऊन दारात उभी राहिले आणि रीतीप्रमाणं श्वास घेतला.

काहीच आलं नाही.

फिनेलचासुद्धा वास नाही. औषधाचा, रबराच्या चादरीचा, म्हाताऱ्या कातडीचा, कसलाच नाही. आपण कुणाला तरी हाक मारावी आणि घर रिकामं निघावं, तसं माझं नाक तिथं उभं राहिलं.

मी जवळ गेले. गॉज काढलं. वाकून जखमेच्या वर नाक नेलं, अगदी टेकेल इतकं. तसली जखम जिन्यापर्यंत दरवळायला हवी होती.

आता मी काही पडद्यामागं भूत बघणारी बाई नाही. मला वाटलं, सर्दी झाली असेल, नाहीतर वय झालं. स्पिरिटचा बोळा नाकाशी धरला. नाकात जळजळ झाली, डोळ्यांत पाणी आलं, वास मात्र नाही. तोच बोळा घेऊन मी दाराबाहेर एक पाऊल टाकलं आणि स्पिरिटचा भपकारा असा आला की मला खोकला आला. परत आत गेले, गेला. बाहेर आले, आला. मावशी पोछा घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "सिस्टर, काय करताय? दार अडतंय का?"

मी म्हटलं, हो, अडतंय.

४

जी गोष्ट मला खटकली ती बाकीच्यांना वरदान वाटली, यात नवल नाही. लोकांना चांगलं काय आणि नुसतं सोयीचं काय यातला फरक कळत नाही.

छोटे डॉक्टर पहिल्यांदाच एखाद्या पेशंटच्या खाटेला टेकून उभे राहिले. जखम स्वच्छ आहे, म्हणाले. मी म्हटलं, जखम नासलीय. ते म्हणाले, मग वास का नाही? नाकाला सवय होते सिस्टर, तुमचं नाक आता थकलं असेल. ही अक्कल मला कोण शिकवणार, तर ज्याला स्वतःच्या अत्तराचा वास येत नाही तो. जखमेतल्या पाण्याचा रिपोर्ट आला. त्यात जंतू बुजबुजले होते. डॉक्टरांनी तो वाचला, हं म्हणाले, आणि औषध बदललं. त्या खोलीतून बाहेर पडताना त्यांच्याभोवती अत्तर नव्हतं. त्यांना ते कळलंही नाही. मला तर आधी बरंच वाटलं.

हळूहळू खोली म्हणजे धर्मशाळा झाली. मुली चहा तिथं प्यायला लागल्या. एकीला मी विचारलं, चहाला वास येतो का इथं? ती म्हणाली, "नाही येत, पण बाकीचेही येत नाहीत ना." दोनचार घोट घेऊन चहा तसाच ठेवायच्या आणि आज दूध बरोबर नाही म्हणायच्या. बाकीच्या पेशंटचे नातेवाईक वास सहन होईना की काहीतरी निमित्त काढून तिथं जाऊन उभे राहायचे. आणि खाटेवर तो म्हातारा, भिंतीकडं पाठ करून, डोळे मिटून. त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं.

जेवणाचं ताट त्याच्यापुढून तसंच परत जायचं. जेवणाची नळी पोटात उतरू दिली नाही, दरवेळी घसा आवळून धरायचा. सलाईनवर ठेवला. तरी त्याच्या गालांवर मांस चढत होतं. मी डॉक्टरांना दाखवलं. सूज असेल, म्हणाले.

मी स्वतःलाच समजावत होते. खिडकीतून हवा खेळत असेल. पण खिडकी रंगानं चिकटून बसलेली, कित्येक वर्षं उघडली नव्हती. जुन्या भिंती वास शोषतात म्हणे. पण म्हातारा यायच्या आधी याच भिंतींत गँगरीनचा पेशंट होता, तेव्हा मावशींनी नाकाला फडकं बांधलं होतं. जी कारणं मी शोधत होते ती सगळी छोट्या डॉक्टरांच्या तोंडी शोभणारी होती. मला माझीच कीव आली.

नाजूकबाईंना तर स्वर्गच सापडला होता. केसपेपर घेऊन तिथं बसायची. जेवणाच्या सुट्टीत दार लावून, पंपानं बाळासाठी दूध काढून बाटलीत भरायचं, तेही तिथंच. दुसरीकडं जागा नव्हती हे खरं. शौचालयात उभं राहून काढत होती आधी. "तो काय, डोळे मिटून पडलेला असतो. तिथं किती शांत वाटतं हो," ती मला म्हणाली. चेहऱ्यावरचं ते कायमचं मुरडलेलं नाक सरळ झालं होतं. ओकणं थांबलं होतं. सगळे म्हणायला लागले, पोरगी तयार झाली.

५

एक दिवस मी औषधांच्या कपाटापाशी होते. वळले तर नाजूकबाई अगदी खांद्याला खांदा लावून उभी. मी दचकले. वॉर्डातलं कुठलंही माणूस मागं येऊन उभं राहिलं तर मला न बघता कळतं, कोण आहे ते. मावशींना तंबाखूचा वास, इन्चार्जबाईंना केसांच्या तेलाचा. ही उभी होती आणि तिच्या जागी हवेत भोक पडल्यासारखं होतं.

मी तिचं मनगट धरून नाकाशी नेलं. ती हसायला लागली. "काय करताय सिस्टर?"

काही नाही. साबणही नाही.

मी तिला म्हटलं, त्या खोलीत बसू नकोस. का, म्हणाली. आता काय सांगणार? म्हटलं, मी सांगते म्हणून. तिनं मान हलवली. नव्या मुली मान हलवतात तशी, म्हणजे ऐकणार नाही अशी.

मग बाळानं बाटली सोडली. तिनं काढून नेलेलं दूध तोंडात घेईना. घरी गेल्यावर अंगावरही पिईना. पावडरचं दूध सासू चमच्यानं पाजायची, त्यातलं थोडं जायचं, बरंच बाहेर यायचं. नाजूकबाई हे सांगताना हसायचा प्रयत्न करत होती. नाटकं करतो, म्हणाली, आजीचा लाडका झालाय.

सासूबाई एका दुपारी त्याला घेऊन थेट वॉर्डाच्या बाहेर येऊन उभ्या राहिल्या. थकलेल्या बाई. रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. पोरानं सकाळपासून लंगोट ओला केला नव्हता. माझ्याकडं दिला तर माझ्या खांद्यावर नाक घासून गप्प राहिला. मावशींनी घेतला, तंबाखूच्या वासानं शिंकला आणि त्यांची बट धरून बसला. मग नाजूकबाई धावत आली आणि तिनं त्याला कवटाळलं.

मला वाटलं होतं किंचाळेल. तसं काही झालं नाही. त्यानं तिच्या छातीवर डोकं ठेवलं आणि तोंड उघडून ते इकडून तिकडं फिरवायला लागला. तिच्या हाताखाली, गळ्यापाशी, पुन्हा छातीवर. मान ताणून जिन्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं. आईच्या कुशीत पडून तो आईला शोधत होता. ती त्याला हाका मारत होती, आवाज तर तोच होता. त्यानं आवाजाकडं एकदा पाहिलं, बंद रेडिओकडं पाहावं तसं, आणि पुन्हा शोधायला लागला.

"मी इथंय रे," ती म्हणत होती. "इथंच आहे मी."

सासूबाईंनी माझ्याकडं पाहून हळूच सांगितलं, "गाऊन ठेवला उशाशी, तरी उपयोग नाही. गाऊनला काही वासच राहिला नाही."

पोराला लहान मुलांच्या विभागात नेऊन सलाईन लावलं. मी इन्चार्जबाईंकडं गेले आणि म्हटलं, कोपऱ्यातला पेशंट हलवा. कारण विचारलं. त्याच्या अंगाला वास येत नाही, हे कारण मी तोंडानं सांगितलं, आणि सांगतानाच त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी ओळखलं. तो चेहरा मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वापरत आलेय.

६

परत आले तर नाजूकबाई वॉर्डात नव्हती.

कुठं असणार. पोराला सलाईन लावलेलं, दुसऱ्या मजल्यावर सासू बसलेली, छाती दुधानं ठणकणारी. बाई दूध काढायला गेल्या होत्या. मुलगा पीत नाही तरी काढायला तर लागतंच. आणि इतकं सगळं सांगूनही गेल्या कुठं, तर जिथं वास येत नाही तिथं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत दुपारचा उजेड. ती खुर्चीवर बसल्या बसल्या झोपली होती, पंप मांडीवर, बटणं अर्धी उघडी, मान एका बाजूला पडलेली. खुर्ची खाटेला लागून होती. ती तिनं तिथं ओढली होती का, मला माहीत नाही. आणि एरवी भिंतीकडं पाठ करून, आहे त्या जागी पडून असणारा म्हातारा खाटेच्या अगदी काठावर आला होता. डोळे मिटलेलेच. नाक तिच्या गळ्यापासून वीतभर अंतरावर.

वॉर्डातले आवाज दाराशीच थांबल्यासारखे झाले. एकच आवाज येत होता. गरमागरम चहा बशीतून ओढावा तसा, बारीक, लांब. मी त्याच्या छातीकडं पाहिलं. चार्टवर त्याच्या श्वासांचा आकडा रोज लिहिलेला असायचा. पहिल्या दिवशी कुणीतरी मोजला असेल, मग एकीनं दुसरीचा उतरवला, तिसरीनं दुसरीचा. खरंच बघितलं होतं कुणी? छाती वर आली. आणखी वर आली. थांबली. पुन्हा वर. ती खाली जायची मी वाट बघत राहिले. मी हात पुढं करून हाताची मागची बाजू त्याच्या नाकपुड्यांसमोर धरली. हवा माझ्या बोटांवरून आत जात होती. बाहेर काहीच येत नव्हतं.

मी नाजूकबाईच्या खांद्याला धरून गदागदा हलवलं. तिनं डोळे उघडले, मला ओळखायला तिला वेळ लागला. मी तिला उठवली, दाराबाहेर ढकलली आणि म्हटलं, "परत आलीस तर पाय मोडीन." मग मी त्याच्या आणि दाराच्या मधली जागा धरून उभी राहिले. त्याचं तोंड भिंतीकडं वळवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पेशंट कुशीवर वळवण्यात माझी हयात गेलीय. चादर धरली, गुडघा टेकला आणि त्याला भिंतीच्या बाजूला वळवला. वजन अजिबात नव्हतं. त्यानं गाल कशानं भरले होते देव जाणे.

तो वळला आणि त्याची पाठ माझ्याकडं झाली. पट्ट्या सुटलेल्या होत्या. जखमेवर सकाळी मीच ठेवलेलं गॉज होतं. ते हळूहळू आत जात होतं.

छातीला भोक पडलं तर ते हवा ओढतं, हे मी पाहिलंय. ही जखम माकडहाडावर होती. तिथं फुप्फुस नसतं. गॉज आत ओढलं गेलं, तिथं घट्ट बसलं, चोळामोळा झालं, आणखी आत गेलं. कडा त्याच्याभोवती मिटल्या. आवाज तिथून येत होता. नाकातून नव्हेच.

पळायला हवं होतं. पण ती नाजूकबाई दाराबाहेरच उभी होती, मूर्खासारखी, आत बघत. आणि मला दिसलं की गॉज नाहीसं झाल्यावर ती जागा उघडीच राहणार आहे, आणि दारही उघडं आहे. मी तळहात ठेवला. जखमेवर, पूर्ण, दाबून. वॉर्डात रक्त थांबवायला ठेवते तसा.

त्यानं ओढलं.

दुखलं नाही. पहिल्यांदा हातावरच्या ग्लोव्हचा वास आठवेनासा झाला. मग साबण. मग माझ्या स्वतःच्या घामाचा वास, जो मला इतकी वर्षं येत होता हेच मला तो जाताना कळलं. मग आणखी खोलवरचं काहीतरी हललं. माझी आई लहानपणी ताप आला की मला तिच्या दंडावर झोपवायची. त्या दंडाला एक वास होता. तो मी कधी मुद्दाम आठवला नव्हता, तो असायचाच. तो निघाला. मला कळत होतं की तो निघतोय. मी हात हिसकला, हात येईना. दुसऱ्या हातानं खाटेचा गज धरला आणि सगळं अंग मागं टाकलं. ग्लोव्ह तिथंच राहिला. मी खुर्चीसकट खाली पडले.

म्हातारा भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्याची छाती, मी बघत असताना, पहिल्यांदाच खाली गेली. बराच वेळ खाली जात राहिली.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भाचा आला आणि त्याला घेऊन गेला. त्याला कुणी बोलावलं होतं, माहीत नाही. डॉक्टरांनी थोडं नको नको केलं. खाट मावशींनी आणि मी जिन्यापर्यंत ढकलली. मी भाच्याच्या जवळून चालत होते. त्याच्या इस्त्रीच्या कपड्यांना, केसांना, श्वासाला, कशालाच काही नव्हतं.

जाताना तो माझ्याकडं वळून अगदी मनापासून म्हणाला, "तुमच्याकडं त्यांनी पोटभर खाल्लं."

ज्याचं ताट रोज भरलेलं परत गेलं त्याच्याबद्दल. मावशी म्हणाल्या, माणूस मात्र सभ्य होता.

नाजूकबाईला मी अंघोळ बंद करायला लावली. साबण नाही, पावडर नाही. दुपारभर गच्चीत उन्हात बसवा, ढोसून ढोसून पाणी पाजा, तेच कपडे पुन्हा घालू द्या, असं तिच्या सासूला सांगितलं. त्या बाईनं एकही प्रश्न न विचारता केलं. वॉर्डात मी तिला धुण्याच्या जागेतली सगळी घाण दिली, बामाशिवाय. ती ओकेना. काहीच येत नाही, म्हणाली, आणि रडली. मग एके दिवशी तिनं बादलीचं झाकण उचललं आणि जी धावली, ती मोरीतच जाऊन ओकली. मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते तेव्हा ती ओकत होती आणि हसत होती. तिच्या मानेला आंबूस, घामट, दुधाळ असा दर्प येत होता. इतका घाण वास मला आयुष्यात कधी इतका बरा वाटला नव्हता.

त्या संध्याकाळी मुलगा अंगावर प्यायला. नंतर तिनं लहान मुलांच्या विभागात बदली मागून घेतली.

८

माझ्या अंगाचा वास मात्र परत आला नाही. उन्हात बसून झालं, सगळं झालं.

नवरा खूश आहे. इतकी वर्षं मी घरी आले की तो मोरीकडं बोट दाखवायचा आणि मी धुऊन आल्याशिवाय पाणीही विचारायचा नाही. आता जवळ येऊन बसतो. तुझ्याजवळ बरं वाटतं हल्ली, म्हणतो. पेपर वाचता वाचता त्याचा डोळा लागतो. परवा भाजीत काही चव नाही म्हणाला. मी त्याला दुसऱ्या खोलीत जाऊन झोपायला सांगितलं, तर रुसला.

मला भूक नसते. अंगावर मात्र मांस येतंय. इन्चार्जबाई म्हणाल्या, वय झालं की होतं तसं.

मी ड्रेसिंगच्या खोलीत ड्यूटी मागून घेतली. सगळ्यांना आनंदच झाला, ते काम कुणाला हवं असतं? सगळ्या हॉस्पिटलच्या नासलेल्या जखमा तिथं येतात. मी दार लावून घेते. संध्याकाळी घरी जाताना मला तृप्त वाटतं. चांगलं काम झालं की वाटतं तसंच असेल, असं मी म्हणते. छोटे डॉक्टर राउंडला येतात, खुर्चीत बसतात, सिस्टर, तुम्ही ही खोली काय स्वच्छ ठेवलीय, म्हणतात. नव्या मुलींनी तर चहा इथंच आणायला सुरुवात केलीय. मी त्यांना हाकलायला हवं. रोज म्हणते, उद्या हाकलीन.

काल दुपारी नाजूकबाई आली. खास मला भेटायला, मुलाला घेऊन. मुलगा गुटगुटीत झालाय. ती हसत हसत आत येत होती, मुलींनी तिला हाक मारली, एकीनं कप पुढं केला. तिनं उंबऱ्यात पाऊल ठेवलं आणि थांबली.

मी तिच्या नाकाकडं बघत होते. तिनं श्वास घेतला. भरपूर, दारात उभं राहून.

मग तिनं माझ्याकडं पाहिलं. चहा पिणाऱ्या मुलींकडं पाहिलं. एका हातानं मुलाचं डोकं स्वतःच्या मानेत घट्ट दाबून धरलं. मला इथून त्याच्या टाळूवरचं तेल, लाळ, तिचं दूध, सगळं वेगळं वेगळं जाणवत होतं. वास म्हणून नव्हे. ताटात काय काय वाढलंय ते दिसावं, तसं.

"ये ना आत," मी म्हणाले. "इथं काही वास येत नाही."

ती मागं मागं पावलं टाकत गेली, माझ्यावरची नजर न काढता, आणि जिन्यावरून तिच्या चपलांचा पळण्याचा आवाज आला.

"काय झालं तिला?" एका मुलीनं विचारलं, आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.